सशाला पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मौद्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज बाईंनी त्यांच्या अंगणात बसवून माझ्याकडून तीनदा लिहून घेतला. त्याच अंगणात त्यांच्या चार शेळ्या असत. एखादी मलूल दिसली की बाई म्हणत, "पहिले लेंडी पाह्य, मंग तोंड पाह्य." पोट चालू आहे की बंद, ते लेंडीवरून कळतं, हे मी तिथे शिकलो.

आता मी शहरात, बेसा भागात फ्लॅटमध्ये राहतो. मुलीच्या हट्टापायी ससा आणला होता. मे महिन्यात तीन दिवस गावी जायचं होतं, म्हणून तो समोरच्या काकाजींकडे ठेवला. काकाजी निवृत्त हेडक्लार्क; सोसायटीत त्यांच्या शब्दाला मान. गवताची जुडी आणि पाण्याचं भांडं देऊन मी सगळं समजावून सांगितलं. परत आलो तर भांडं कोरडं, पालथं. पिंजऱ्यात पोळीचे तुकडे, बिस्किटं, आणि ससा मेलेला.

पाणी पाजलं की ससा मरतो, अशी आमच्याकडे पुष्कळांची पक्की समजूत आहे. काकाजींचीही होती. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींना ते सांगत होते, "हे मौदेवाले त्याले रोज पाणी पाजत होते. शिकले भरपूर, पण जनावर नाही समजलं यायले."

माझी मुलगी शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, "बाबा, आपण मारलं त्याला?"

दुसरा ससा मी सूड म्हणून पाळला. हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. पहाटे मोकळ्या प्लॉटवरून, जिथे फवारणी होत नाही तिथून, हरळी कापून आणायची. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. म्हणून गवत पोटभर, गाजर चवीपुरतं, पोळी-बिस्किट अजिबात नाही. उन्हाळ्यात बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवायची. सकाळी लेंड्या गोल, मोठ्या, भरपूर दिसल्या की काकाजींना एक चपराक बसली असं मला वाटायचं. पाण्याचं भांडं मुद्दाम जाळीच्या दारापाशी, त्यांना दिसेल असं ठेवलं होतं.

"आहे का गा अजून?" ते जाता-येता विचारत.

"आहे ना, काकाजी. पाणी पिऊन राहिला."

दोन वर्षं असं चाललं. मग सुट्टीत आलेल्या नातीसाठी काकाजींनी सीताबर्डीहून ससा आणला. आठवड्याभरात, एका संध्याकाळी पाचच्या सुमारास, ते टोपली घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"कालपासून काही खाऊन नाही राहिला. पाहता का जरा?"

"लेंडी?"

"नाही टाकली."

"पाणी?"

त्यांनी टोपली माझ्यापुढे धरली.

काय करायचं ते मला माहीत होतं. अंग थंड व्हावं म्हणून कान ओले करायचे आणि ऑटो करून जनावरांच्या डॉक्टरकडे पळायचं. मी म्हणालो, "पाहतो. पण आधी खाली चला. माझा ससा कशानं मेला ते सगळ्यांपुढे सांगा."

"आत्ता? अरे भाऊ, पोरगी रडून राहिली घरात."

"माझीही रडली होती."

खाली दोघेच बसले होते. मी म्हणालो, बाकीचे येऊ द्या. वीसेक मिनिटं आम्ही थांबलो. टोपली काकाजींच्या मांडीवर होती. ससा तोंड उघडं टाकून श्वास घेत होता, आणि ते मला दिसत होतं. सहा-सात जण जमल्यावर काकाजी मान खाली घालून म्हणाले, "यायचा ससा माझ्यामुळं मेला. मीच पाणी नाही देल्लं. यायची काही चूक नव्हती."

"मंग दोन वर्षं काहून नाही सांगितलं, काकाजी?" कोणीतरी हसून विचारलं.

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, पदवी हातात आली त्या दिवसाइतकं बरं वाटलं.

मग मी धावलो. डॉक्टरांनी कातडीखालून सलाईन दिलं. तिसऱ्या दिवशी ससा खाऊ लागला. त्यानंतर आठवड्यानं मी बाईंना पत्र टाकलं:

"ती. बाईंना सा. नमस्कार.

समोरच्या काकाजींकडून मी चारचौघांत कबुली घेतली. त्याचं मला वाईट वाटत नाही. वेळ आली तर पुन्हा घेईन. पण त्यासाठी मी आजारी जनावराला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं. दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच कळवतो आहे. ससा वाचला, पण ते डॉक्टरांमुळे. रोज सकाळी त्याला पाहायला समोर जातो. काकाजी दार उघडतात, बोलत नाहीत. मीही बोलत नाही. नातीला गवत निवडायला शिकवतो आणि परत येतो. तुम्हाला रागवायचं असेल तर पत्रातून रागवा. फोनवर मला उत्तर देता येणार नाही.

आपला विद्यार्थी"