मामांची टिनाची पाटी

आमच्या मामांनी एखादा धंदा केला नसेल, तर तो धंदा अजून धामणगाव बढेपर्यंत पोहोचलाच नाही असं खुशाल समजावं. हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. बसस्टँडजवळ त्यांचं एक दुकान आणि दुकानावर टिनाची एकच पाटी. धंदा बदलला की मामा पाटी उतरवत, जुन्या नावावर रंगाचा हात मारत आणि नवं नाव स्वतः लिहीत. फोटो स्टुडिओ, शिवणकाम, घड्याळ दुरुस्ती, मोटार वायंडिंग, मोबाइल रिचार्ज असे थरावर थर चढून ती पाटी इतकी जड झाली की उतरवायला दोन माणसं लागायची.

कष्टाला मात्र ते कधी मागे हटले नाहीत. प्रत्येक नवी विद्या ते खामगावला कुणाच्या तरी दुकानात महिनाभर झाडलोट करून शिकून येत. घोटाळा एवढाच, की मागच्या धंद्याची सवय पुढच्या धंद्यात शिरे. फोटो काढून काढून "श्वास धरा, हालू नका" हे जिभेवर बसलेलं. शिंपी झाल्यावर कमरेचं माप घेतानाही ते तेच सांगत. त्या लग्नसराईत गावातली एक अख्खी वरात पोट आत ओढून चालली. बँडवाल्यांचे कपडेही मामांनीच शिवलेले, त्यामुळे वाजवायलाही कुणाला दम पुरेना. पुढे जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरायला लागले, तेव्हा शेजारच्या मास्तरांचा पंखा त्यांनी असा दुरुस्त केला की तो उलटा फिरून वारा छताकडे फेकू लागला. मास्तर तणतणत आले, तर मामा शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमचं छत किती तापते! त्याले थंड करून राह्यला तो."

पण त्यांचा एक नियम होता. "पाटीवर जे लिहेल हाय, ते करायचं. लोकायले फसवायचं नाही." मे महिन्याच्या उन्हात रंगाचे पोपडे निघत आणि एखादा जुना धंदा बाहेर डोकावे. तो वाचून कुणी पायजम्याचं कापड घेऊन आलं, की मामा रिचार्ज बाजूला ठेवून मशीनवर बसत.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं आणि दुकान त्यात जाणार हे नक्की झालं. ग्रामपंचायत नवे गाळे देणार होती, पण अर्जात व्यवसायाची ओळ एकच. मामांनी वेगळा कागद जोडून सगळे धंदे लिहिले. ग्रामसेवकांनी अर्ज परत केला. "एकच लिहा, भाऊ. उद्या शेवटचा दिवस हाय."

गाळा गेला असता तर मामांना घरी बसावं लागलं असतं. घरी बसलेले मामा ही कल्पना मामींनाही सोसली नसती. त्या दिवशी मामांनी भाकरी अर्धीच खाल्ली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"काऊन डोकं धरून बसले?" मामी म्हणाल्या. "जो धंदा पयला केला, तो लिहा ना."

पहिला कोणता, हेच मामा विसरले होते! मग मामांनी आणि मी पाटी उतरवली आणि खरवडायला बसलो. रिचार्ज गेलं, मोटारी गेल्या, घड्याळं, कपडे, फोटो गेले. अगदी तळाशी निळी, ठसठशीत अक्षरं निघाली. 'येथे पाट्या रंगवून मिळतील.'

मामांनी पाटीवरचा भुगा फुंकून उडवला. "हाव, लेका. याच्याचसाठी तं दुकान टाकलं होतं. एकबी गिऱ्हाईक आलं नाही. मंग मी माह्याच पाट्या रंगवत राह्यलो."

अर्जात त्यांनी 'पेंटर' लिहिलं आणि गाळा मिळाला. आता त्या ओळीत बाकी सगळ्या गाळ्यांवर छापील फ्लेक्स आहेत, रंगवायचं काम कुणी देत नाही. लोक पूर्वीसारखेच बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात. पण पाटीवर तर पेंटर! त्यावर मामांनी तोड काढली. वस्तूवर मालकाचं नाव रंगवायचं, मजुरी त्याची घ्यायची, आणि दुरुस्ती वरून फुकट. गावातल्या इस्त्र्या, पंखे, फवारणीचे पंप, सगळे आता आपापल्या मालकाचं नाव मिरवतात.

माझ्या घरी त्यांनी दुरुस्त केलेला मिक्सर आहे. त्यावर निळ्या रंगात माझं नाव आहे. शेवटची दोन अक्षरं खाली घसरलीत, कारण मामांचा हात आता थरथरतो. मिक्सर मधेच बंद पडतो. बायको म्हणते, नवा घेऊ. मला तो टाकवत नाही. ज्या कामासाठी मामांनी दुकान टाकलं, त्या कामाची गिऱ्हाइकं त्यांना इतक्या उशिरा मिळाली, आणि त्यांत मी एक आहे. मिक्सर पुसताना त्या अक्षरांवरून मी फडकं फिरवत नाही.