पाण्याकडे पाठ

जगात पाहण्यासारखं काय आहे आणि कशासाठी घरून निघूसुद्धा नये, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या मुलखात एकाच माणसाकडे होता, आणि ते होते माझे मावसाजी. हा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि छोट्या लाईनीच्या गाडीत बसून नागपूरला गेले तेव्हा त्यांचा बराचसा वेळ धर्मशाळेत झोपण्यात गेला होता. तरी मार्कंड्याची जत्रा असो, शेजारच्या गावची दंडार, म्हणजे रात्रभराचं नाच-नाटक, असो, की चांद्याला आलेली सर्कस असो, गावातला माणूस आधी त्यांच्या ओसरीवर येऊन विचारायचा, "का जी भाऊ, पाह्यासारखं हाय का?" मावसाजी 'हाय' म्हणाले की गाड्या जुंपल्या जात आणि 'नाई' म्हणाले की बैल सोडले जात.

त्यांची परीक्षा करण्याची रीत मात्र अजब होती. मावसाजी कुठलीही गोष्ट तिच्याकडे पाठ करून पाहत. मार्कंड्याला महाशिवरात्रीला ते गेले ते देवळाकडे पाठ करून वाळूत मांडी घालून बसले. सगळी दुनिया भिंतींवरची शिल्पं पाहत होती आणि हे दुनियेकडे पाहत होते. परत आल्यावर निकाल सांगितला, "भिंतीवरल्या दगडाच्या बाया पाहून आपल्या बाया आपापले पदर नीट करून राह्यल्या होत्या. मंजे पाह्यासारखं हाय." सरकारी मोटार गावात फुकटचा सिनेमा घेऊन आली तेव्हा सगळं गाव चादरीकडे तोंड करून बसलं आणि मावसाजी चादरीच्या बुडाशी, गावाकडे तोंड करून. सिनेमा कसला होता ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "पण उजेडात लोकायचे चेहरे लय साजरे दिसत होते," असं ते बरेच दिवस सांगत होते. माझ्यासाठी मुलगी पाहायला आले तेव्हाही त्यांनी मुलीकडे ढुंकून पाहिलं नाही. खिडकीतून डोकावणाऱ्या शेजारणींकडे टक लावून बसले. माझा जीव टांगणीला लागला होता. बाहेर पडल्यावर म्हणाले, "शेजारणी खुश होत्या बाबू. पोरगी चांगली हाय, करून टाक." मी करून टाकलं, आणि मावसाजींचा निकाल चुकला असं म्हणण्याची सोय आजवर मला मिळालेली नाही.

या शास्त्राचा मुख्य नियम त्यांनी मला एकदा बांधीच्या धुऱ्यावर बसून समजावला होता. बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. मावसाजींचं निम्मं आयुष्य या दोहोंत गेलं. ते म्हणाले, "पाहून आलेला माणूस बडबड करून राह्यला तं समज, तिथी काई नाई. जे खरंच पाह्यासारखं असते, थे पाहून माणूस गुपचूप होते." म्हणून कुठलीही यात्रा परतली की ते पांदीच्या, म्हणजे गावच्या गाडीवाटेच्या, तोंडाशी जाऊन उभे राहत आणि गाड्यांमधला आवाज ऐकत. सर्कशीहून आलेली मंडळी गाडी थांबायच्या आधीच एकदम बोलायला लागली तेव्हा मावसाजींनी हात झटकला आणि सर्कशीचा निकाल तिथंच लागला. फुकटच्या गोष्टींना तर ते जास्तच कडक असत. "फुकट हाय म्हून पाहू नये," ते म्हणत, "त्यात आपला दिवस जाते, आन् दिवस कोनी फुकट देत नाई."

एका गोष्टीचा निकाल मात्र त्यांनी वर्षानुवर्षं लावला नव्हता. ती गोष्ट होती घोडाझरीचा तलाव. गावापासून चार-पाच कोसांवर डोंगरांच्या कुशीत हा तलाव. पावसाळ्यात तो तुडुंब भरला की सांडव्यावरून पाणी पडायला लागे, आणि ते पाहायला छोट्या लाईनीनं नागपूरपासून माणसं येत. तिकीट नाही, पास नाही, नुसतं जायचं आणि पाहायचं. साहेब लोक सहकुटुंब येत, स्टोव्ह पेटवून भजी तळत, पाण्यात पाय सोडून बसत. याच तलावाचं पाणी पाटानं येऊन आमच्या लोकांच्या बांध्या भिजवी, पण तलाव सांडताना पाहिलेला माणूस आमच्या गावात औषधालाही सापडला नसता. कारण साधं होतं. तलाव सांडायचा तो श्रावणात, आणि श्रावणात गावातली झाडून सगळी माणसं चिखलात वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत असत. ज्यांचं पाणी त्यांनाच ते पाहायला सवड नसे.

आणि ते पाहायचं होतं माझ्या मावशीला.

मावशीचं माहेर वैनगंगेच्या काठचं. तिचं लहानपण पुराचा आवाज ऐकत गेलेलं. लग्न होऊन आली ती या पाटाच्या गावात, जिथं पाणी यायचं ते गुमान, लोकांनी सोडलं तेवढंच. दरवर्षी रोवणा सुरू झाला की ती कंबर सरळ करता करता म्हणायची, "अजी, यंदा तरी मोठं पाणी दाखवा नं." आणि मावसाजी म्हणायचे, "पाह्यासारखं हाय का नाई थे तं समजू दे. तुले उगाच चार कोस हिंदळत नेऊ का?" ही काही टाळाटाळ नव्हती. त्यांना खरोखर भीती वाटायची की बायकोनं इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट पाहायला न्यावं आणि ती निघावी सर्कशीसारखी. मावशी हसायची आणि पुन्हा चिखलात वाकायची. मला तिचं ते हसणं अजून आठवतं.

मी तेव्हा नागभीडला नवा मास्तर होतो आणि सुट्टी मिळाली की मावशीकडे जायचो. त्या वर्षी गेलो तर तिनं मला आवाजावरून ओळखलं. तिचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि आता दुसऱ्यावरही साय धरत चालली होती. मी मावसाजींना बाजूला घेऊन म्हटलं, "पुढच्या वर्षी मावशीला काही दिसणार नाही. आता निकाल-बिकाल पुरे, घेऊन चला." मावसाजी बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोळा होऊ दे. बैल धुऊन-पुसून ताजे होतील, मंग जाऊ."

पोळा झाला. पण तेवढ्यात पावसानं दडी मारली. रोवलेलं धान पिवळं पडायला लागलं, बांध्यांना भेगा दिसू लागल्या. गाव हवालदिल झालं, आणि सगळ्यांना घेऊन पाटाच्या साहेबाच्या बंगल्यावर गेले ते मावसाजीच. "पाट सोडा साहेब, धान मरून राह्यलं," असं त्यांनी इतक्या कळवळ्यानं सांगितलं की दुसऱ्याच दिवशी पाट सुटला. मावसाजी परत आले ते कामाला लागले, म्हणजे स्टेशनवर जाऊन बसले. स्टेशनमास्तर असो, चणेवाली असो की नागपूरचा कुणी वकील, यंदा तलाव सांडताना पाहिलेल्या एकेका माणसाला गाठायचं आणि खोदून खोदून विचारायचं, पाणी कसं पडते, कुठून पडते, बायका काय म्हणत होत्या, पोरं भेली का. चांगले चार-सहा दिवस त्यांनी हा तपास केला आणि रोजचा रोज मला ऐकवला. शेवटी एका सकाळी बंडी जुंपली, मावशीसाठी तणसाच्या पेंढ्यावर गोधडी अंथरली आणि आम्ही निघालो. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटेत ती सारखी विचारायची, "आली का जागा?"

सांडव्याशी पोचलो. सांडवा कोरडा होता. शेवाळलेले दगड, एका कोपऱ्यात थोडा ओलावा, आणि नागपूरकरांनी टाकलेल्या पत्रावळी. तलाव वीतभर खाली गेला होता. पाट सुटला, तलाव उतरला, सांडवा थांबला. एवढी सोपी गोष्ट आयुष्यभर पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती, कारण त्यानं पाणी कायम खालच्या टोकाकडूनच पाहिलं होतं. मी मावसाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मावशीनं मान उंच केली; एवढ्या दिवसांत तिच्या डोळ्यात नुसता उजेड-अंधार उरला होता. "सांडून राह्यला का?"

मावसाजी सांडव्याकडे पाठ करून तिच्यासमोर उकिडवे बसले. "हो तं," ते म्हणाले. "लय सांडून राह्यला."

"मंग आवाज काऊन नाई येत?"

"वारा तिकडचा हाय."

झाडाचं पानही हलत नव्हतं. मावशी म्हणाली, "असन." आणि मावसाजी तिला सांगायला लागले. पाणी कसं दूध उतू गेल्यासारखं काठावरून येऊन राह्यलं, खाली पडून कसा त्याचा धूर होऊन राह्यला, पोरं कशी आईच्या मागं लपून राह्यली. मी ऐकत होतो आणि मला एकेक माणूस ओळखू येत होता. दूध स्टेशनमास्तरांचं होतं, धूर चणेवालीचा, आणि लपणारी पोरं नागपूरच्या कुण्या वकिलाची. स्टेशनवर बसून जमवलेलं सगळं त्यांनी तिथं ओतलं. मावशी मान हलवत होती, मधूनच "बापा बापा!" म्हणत होती. तिला कळलं नसेल असं मला एक क्षणही वाटलं नाही. पुरावर वाढलेली बाई ती.

परतताना बंडी पाटाच्या काठाकाठानं चालली होती आणि पाट भरून वाहत होता. गाव जवळ आलं, आमच्या बांध्या लागल्या, तशी मावशी एकदम म्हणाली, "इथी थांबवा जी."

पाटाचं पाणी वरच्या बांधीत शिरून, धुऱ्याला पाडलेल्या खाचेतून खालच्या बांधीत पडत होतं. फार तर हातभर धार, पण तिला चांगला खळखळ आवाज होता. मावशी चाचपडत उतरली, ठेवणीतलं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि धुऱ्यावर बसून दोन्ही पाय त्या धारेखाली धरले.

"तिथलंच नं हे पाणी?" तिनं विचारलं.

मावसाजी म्हणाले, "तिथलंच."

"तुमीच सोडाले लावलं नं?"

"हो. धान मरून राह्यलं होतं वं."

"बरं केलं." ती पाय हलवत राहिली. "अस्संच येत होतं आमच्या घाटावर. पायाले गुदगुल्या करत."

त्यानंतर ती काही बोलली नाही. पाणी पडत होतं, पिवळ्या धानाच्या बुडाशी पसरत होतं. मावसाजी धारेकडे पाठ करून चिखलात उभे होते आणि तिच्या तोंडाकडे पाहत होते. किती वेळ, ते मी सांगू शकणार नाही, पण बैलांनी तेवढ्यात धुऱ्यावरचं बरंच गवत खाल्लं.

गावात शिरलो तर पांदीच्या तोंडाशी लोक जमलेच होते. "का जी भाऊ, पाह्यासारखं हाय का?" मावशी गुपचूप उतरून घरात गेली. मावसाजींनी बैल सोडले, दाव्याला बांधले, त्यांच्यापुढे तणस टाकलं, आणि लोकांना काहीही न सांगता ओसरीवर जाऊन बसले. लोक थोडा वेळ थांबले आणि पांगले. त्या वर्षी मात्र धान घरात आल्यावर पुष्कळ जणांनी पुढच्या श्रावणात घोडाझरीला जायचं ठरवून टाकलं.

आता दोघंही नाहीत. तलाव सांडताना मी पुढं पाहिला, चांगला भरात असताना. पाणी दुधासारखं येत होतं, धूरही होता, स्टेशनमास्तर आणि चणेवाली दोघंही खरं बोलले होते. चोहीकडे माणसं होती, सगळी मोठमोठ्यानं बोलत होती. मी एकटाच गप्प उभा होतो. पण ते पाहण्यासारखं होतं की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. पाण्याकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे पाहणारं तिथं कोणी नव्हतं.