ऑटोवाल्या चाचांनी घेतलेली मुलाखत

मोबाईलवर बातम्या करायचं ट्रेनिंग, आणि शिकताना वर दर महिन्याला पगार! मी लगेच अर्ज टाकला. अट एकच, संध्याकाळपर्यंत कुणा अनोळखी माणसाची एक मिनिटाची मुलाखत पाठवायची. लातुरात क्लासच्या पोरांची ने-आण करणारे एक ऑटोवाले चाचा दिसले, त्यांनाच गाठलं. मोबाईल समोर धरताच त्यांनी दाढीवरून कंगवा फिरवला आणि चेहरा एकदम रडवेला केला.

"भूकंपाचं बोलायचं ना?"

"तुमचं घर पडलं होतं?"

"न्हाई बेटा, मी तवा नांदेडला होतो. पर कॅमेरेवाले तेच इचारतेत, म्हणून पाठ केलंय."

मी ट्रेनिंगचं सांगितलं.

"फी किती?"

"फी नाही चाचा, तेच मला पैसे देणार."

चाचांचा रडवेला चेहरा कुठल्या कुठं गेला. "शिकणाऱ्याला पैसे? लातुरात? फसवायलेत तुला. हापिस कुठंय? सर कोण? कागद दाखव." मिनिट संपलं तरी त्यांचे सवाल चालूच.

दुसरं कुणी थांबेना, म्हणून तेच पाठवलं. आणि माझी निवड झाली!

पळत जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऑटो चालू केला.

"पैसे हातात आले का?"

"अजून नाही."

"मग बातमी कच्ची हाय."