आपल्याच अहवालाविरुद्ध साक्ष

गजभिये सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी संध्याकाळच्या वर्गात हजेरी घेत होतो. शिपाई दारातूनच सांगून गेला. समोर बसलेले सगळे दिवसभर नोकरी करून आलेले. कोणी कोराडीच्या वीज केंद्रातला फोरमन, कोणी गिरणीतला टाइमकीपर. अशा दमलेल्या माणसांना सरांनी वर्षानुवर्षे कर्मचारी व्यवस्थापन आणि नेतृत्व शिकवले. शेवटी शेवटी ते स्वतःही तितकेच दमलेले दिसत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सरांच्या विभागात शिकवायला लागलो, तेव्हा सरांचा शहरात दबदबा होता. गिरणी कामगाराचा हा मुलगा; पण गिरण्यांचे मॅनेजर सल्ल्यासाठी त्यांच्या दारी मोटार पाठवीत. अशाच एका गिरणीने त्यांना एका प्रकरणात चौकशी अधिकारी नेमले. किसन नावाचा विणकर न कळवता गैरहजर राहिला, असा आरोप होता. किसन एवढेच म्हणत राहिला, "म्या अर्ज देल्ला होता सायेब, सुपरवायझरच्या हातात. पोरगी दवाखान्यात होती." दप्तरी अर्ज नव्हता आणि सुपरवायझर नाही म्हणाला. सरांनी नोटीस, साक्षी, सह्या सगळे नियमाने केले आणि आरोप सिद्ध झाल्याचे लिहून दिले. किसनची नोकरी गेली.

पुढच्या वर्षी तोच सुपरवायझर आमच्या वर्गात शिकायला आला. एकदा तास संपल्यावर तो मागे थांबला. मी फळा पुसत होतो. तो सरांना म्हणाला, "सर, त्याचा अर्ज माह्या खिशातच राहून गेला होता. मले भेव वाटलं, म्हणून बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी सर गिरणीत गेले. फाईल बंद झाली, असे उत्तर मिळाले. मग त्यांनी किसनला शोधून काढले आणि कामगार न्यायालयात त्याच्या दाव्यात आपल्याच अहवालाविरुद्ध साक्षीला उभे राहिले. गिरणीच्या वकिलाने विचारले, "म्हणजे तुम्हाला चौकशी करता येत नाही?" सर म्हणाले, "त्या दिवशी आली नाही."

मोटारी यायच्या बंद झाल्या. विभागप्रमुखपद त्यांच्या मागून आलेल्याला मिळाले. तारखा पडत राहिल्या, सर रजा टाकून जात राहिले. कित्येक वर्षांनी निकाल किसनच्या बाजूने लागला, तोवर गिरणीतले त्याचे विणकाम खातेच बंद झाले होते. तो विभागात सांगायला आला. "जिंकलो सर. पण आता कामाले जाऊ कुठी?" तो गेल्यावर सर मला म्हणाले, "एवढ्या उशिराचा न्याय कोणत्या धड्यात शिकवायचा, सांगा."

परवा हुडकेश्वरला सरांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी पाणी दिले आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "त्या किसनच्या भानगडीपासून ह्यांले एक सवयच लागली होती, भाऊ. जेवण झालं की विचारत, तुले काही सांगायचं राहिलं का वं? मी आपली दररोज 'काही नाही' म्हणून भांडे उचलून आत जात राहिली..."

त्यांनी माझ्यापुढचा रिकामा पेला उचलला, आणि परत खाली ठेवला.

"राहिलं होतं, भाऊ. लय राहिलं होतं."