वरची एक काडी

योजना माझीच होती. जर्मनीत उदबत्ती विकायची तर देवादिकांची चित्रं नकोत. साधं पांढरं खोकं, मंद वास, आणि बाहेर छापलंय तेवढंच आत. मालकांनी वाहवा केली आणि मी, अस्सल पुणेकर, ती आठवडाभर मिरवली.

मग तिकडच्या खरेदीदारांची तपासनीस बाई जे. पी. नगरच्या आमच्या कारखान्यात आली. ती हो म्हणाली तरच पहिला माल बोटीवर चढणार होता, नाहीतर करार रद्द. तिने ढिगातून एक खोकं उचललं आणि टेबलावर काड्या मोजल्या. एकवीस. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. एकवीसच. खोक्यावर वीस छापलं होतं.

"जास्त मिळालं तर माझी तक्रार नाही," ती इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "पण काड्यांचाच आकडा खोटा, तर खोक्यावरचं बाकीचं मी खरं कसं मानू?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात पॅकिंग सांभाळणारी अक्का पुढे येऊन माझ्याकडे वळली. तिच्या मराठी घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथे, कानडी मुलखातच गेल्या.

"मीच घालायला लावली, मॅडम. देवाची वस्तू पुरी वीस मोजून कशी द्यायची? वरची एक घालायचीच. स्वल्प जास्तच बरं, न्हाय का?"

माझ्या योजनेत 'तेवढंच आत' हे वाक्य इंग्रजीत होतं, लॅपटॉपवर. दोन जिने उतरून पॅकिंगच्या बायकांना ते सांगायला मी कधी गेलेच नव्हते. हे तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण माझी नोकरी डोळ्यांपुढे नाचत होती. मी बाईला इंग्रजीत म्हटलं, "यांना सगळं नीट सांगितलं होतं. यांनी ऐकलं नाही."

बाईने जादा काड्या काढायला दोन दिवसांची मुदत दिली. करार वाचला. मालकांनी मात्र सगळ्यांसमोर अक्काला झापलं आणि पॅकिंगची जबाबदारी दुसरीकडे दिली. मी तिथेच उभी होते. मला माझीच शिसारी आली.

दुपारी सगळ्याजणी खोकी पुन्हा उघडायला बसल्या. मला वर बसवेना, मीही खाली जाऊन अक्काशेजारी बसले. मग मान वर न करताच तिने विचारलं,

"आम्हाला कधी सांगितलं होतंत, मॅडम?"

तिला इंग्रजी कळतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी पुढचं खोकं ओढलं आणि एकविसावी काडी काढली.