भामाबाईनं अंथरलेलं घोंगडं

आटपाडीच्या पुढं माळावर एक बारव आहे. काळ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी विहीर. दर अमावास्येला, जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा मंडळाच्या गावातल्या शाखेची माणसं ती झाडायला जमतात. बैठकीला खुर्च्या नसतात. घोंगडं असतं, भामाबाईचं.

भामाबाई मेंढरांमागं वाढलेली. लोकर कातरायच्या आधी ती मेंढरं याच बारवेत धुवायची, तिची सासूही. घरोघरी नळ आला आणि गाव बारव विसरलं. सरपंच नानासोंनी ती बुजवून वर मंगल कार्यालय बांधायचं ठरवलं.

साताऱ्याच्या मंडळातल्या शरयूताई सांगून गेल्या, "गावात शाखा निघाली, तर आम्हाला तुमच्यासाठी भांडता येईल." भामाबाई दारोदार फिरली. सरपंचाच्या धाकानं कुणी नाव दिलं नाही.

आणि एका सकाळी मुरमानं भरलेला ट्रॅक्टर बारवेकडं निघाला.

भामाबाईनं खांद्यावरचं घोंगडं वाटेतच अंथरलं, वर भंडारा उधळला आणि मधोमध बसली. धनगराच्या रीतीत भंडारा पडलेलं घोंगडं म्हणजे बैठक. निकाल लागेपर्यंत ते उचलायचं नाही, ओलांडायचं तर नाहीच.

ट्रॅक्टरवरचा अर्जुना धनगराचाच. त्यानं इंजिन बंद केलं.

"घे की पुढं," नानासो म्हणाले.

"तुमीच घ्या, नानासो. किल्ली हितंच हाय." अर्जुना खाली उतरला.

नानासो भामाबाईकडं वळले. "बाईमाणूस कवापासनं बैठक घालाय लागलं?"

"घोंगड्याची लोकर मी कातली. तवा न्हाई कुणी इचारलं, बाई का कातती म्हणून. बोलायचं आसंल तर पायताण काढून बसा. उभ्या माणसाचं बैठकीत कोण ऐकत न्हाई."

दळणाला निघालेली माया डबा ठेवून तिच्या शेजारी बसली. मग ज्योतिबा मेंढका, मग अर्जुना. उन्हं चढली तसं घोंगडं पुरेना, माणसं मातीतच बसली. मायाच्या फोनवरून निघालेल्या शरयूताई पोचल्या तेव्हा एकेकानं शाखेसाठी आपलं नाव सांगितलं. मोठ्यानं, सरपंचाच्या तोंडावर.

नानासोंनी गर्दीवर नजर फिरवली. निवडून देणारी सगळी तोंडं समोरच होती. त्यांनी चपला काढल्या, घोंगड्याच्या काठावर टेकले.

"न्हाई बुजवत," ते पुटपुटले. "पर माजं नाव शाखेत नको."

"मुरमाचं काय करू?" अर्जुनानं विचारलं.

"वाटंवर पसर. मेंढरास्नी उतराय बरं." भामाबाईनं उठून घोंगडं झटकलं. "आन् नानासो, नावाचं ऱ्हाऊ द्या. गाळ लय साचलाय. पाटी घ्या."