एकसारखे ठोकळे

काँक्रीट कधीच एकसारखं नसतं. काशीमीऱ्याच्या लॅबमध्ये ठोकळे फोडून फोडून हे माझ्या अंगवळणी पडलंय. स्लॅब भरताना त्याच मालाचे ठोकळे लोखंडी साच्यात भरतात, महिनाभर पाण्यात मुरवतात आणि मग आम्ही ते मशीनखाली दाबून फोडतो. एक जरा आधी फुटतो, एक जरा तग धरतो. मालाचा ट्रक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल तर विचारूच नका.

गोडदेवला सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, जुन्या घराच्या जागी बिल्डिंग उठली. आप्पांनी हट्टाने तिचे ठोकळे आमच्याच लॅबकडे पाठवायला लावले. घरची सून तपासणार म्हटल्यावर काळजी कसली? नणंद तर तान्ह्या बाळाला घेऊन आधीच पहिल्या मजल्यावर राहायलाही गेली.

त्या दिवशी शेवटचे ठोकळे आले, गच्चीवरच्या टाकीचे. मशीनचा काटा पुन्हा तिथेच जाऊन थांबला, जिथे प्रत्येक मजल्याच्या वेळी थांबला होता.

"मॅडम, आपका बिल्डिंग एक नंबर है," मशीनवरचा माणूस म्हणाला.

मी फुटलेला तुकडा उचलून पाहिला. नुसतं सिमेंट! असला माल स्लॅबमध्ये कुणी ओतत नाही.

घरी आले तर आप्पा चहा घेत बसले होते. मी चप्पलही न काढता विचारलं, "आप्पा, ठोकळे कोण भरायचं?"

"मीनच!" त्यांचा चेहरा फुलला. "ट्रकच्या मालाचा काय भरोसा न्हाय. मी येगला माल कालवायचो, सिमेट जास्ती घालून. माप ठरलेला. तुज्या मशीनवर आपली बिल्डिंग नापास झाली त गावान तोंड कुठं दाखवू?"

मला संताप यायला हवा होता. पण पाहुण्याच्या ताटात तूप जास्त वाढावं, तितक्या मायेने या माणसाने माझी तपासणी मातीत घातली होती.

"आणि स्लॅब? त्यात काय गेलं?"

"त्यो त ट्रकचाच माल. तिकडं बिल्डरची मानसं व्हती ना."

"मग आप्पा, मी फोडले ते फक्त तुमचे ठोकळे. बिल्डिंग कुणीच तपासली नाही."

आप्पा कपातला चहा तसाच ठेवून उठले आणि दाराशी चपला शोधू लागले. सापडेनात, पायाशीच होत्या.

"पोरीला खाली आनतो," म्हणाले.